लक्ष्मीबाईच्या दोन ओळी

मित्रांनो, लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या डोक्यावर पिवळट पडलेला एक डबा दिसतो, तो मी. जुना संगणक. माझ्या एका बाजूला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, दुसऱ्या बाजूला मोडका टेबलफॅन. या खोलीत कुणी आलंच तर झाडू न्यायला येतं. माझ्याकडे मान वर करून कुणी बघत नाही आणि त्याचं मला आता वाईटही वाटत नाही. पण एक गोष्ट पोटात राहिली आहे, ती तुम्हांला सांगावीशी वाटते.

हैदराबादच्या एका दुकानात, १९९२ साली, सुटे भाग जोडून मला तयार केलं. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजाराजवळ ताहेरमियाँ टायपिंगचा क्लास चालवत. बारा टाइपरायटर होते त्यांच्याकडे. टाइपरायटरचे दिवस संपत आले हे त्यांनी लवकर ओळखलं आणि ते मला घेऊन आले. एसटीच्या टपावर सामान चढवणाऱ्याला त्यांनी मला हातसुद्धा लावू दिला नाही. हैदराबाद ते लातूर सगळा रस्ता मी रजईत गुंडाळलेला, त्यांच्या मांडीवर होतो.

त्यांची मुलगी नाझनीन तेव्हा बावीस वर्षांची होती. बी.एस्सी. झालेली आणि नांदेडला फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, राहून वर्षभराचा संगणकाचा कोर्स केलेली. तिनं मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

“माशाअल्लाह, बोलून राहिलं की हे!” ताहेरमियाँ म्हणाले.

“बोलत न्हाई अब्बा,” नाझनीन हसली. “आपण सांगू तेवढंच लिहितंय.”

किती खरं बोलली होती ती! पुढे मला तेच फार जड गेलं.

टायपिंगच्या मुलामुलींसाठी तिनं माझ्यात दोन तक्ते केले. एक विद्यार्थ्यांचा, एक बॅचचा. ती मुलींना समजावून सांगे, “प्रत्येक पोराच्या ओळीत बॅचची वेळ, खोली, शिक्षक हे सगळं पुन्हा पुन्हा लिहायचं न्हाई. ते बॅचच्या तक्त्यात एकदाच लिहायचं. पोराच्या ओळीत फक्त बॅचचा नंबर. नंबर धरून दोन तक्त्यांचं नातं जुळतं.” मित्रांनो, ओळ आखूड असली की मी भराभर वाचतो. वेळ बदलली तर एकाच जागी बदलावी लागते. इतकी साधी गोष्ट, पण बघणारे खूश व्हायचे. बार्शी रोडवरच्या एका डाळ मिलचे मालकही मला बघून गेले. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते.

मग १९९३ च्या सप्टेंबरची तीस तारीख आली. उजाडायच्या आधी जमीन हलली. मी टेबलावरून घसरून भिंतीवर आदळलो आणि माझ्या कडेला चीर गेली. लातूर शहर वाचलं. पण तिकडे खेड्यांमध्ये दगडामातीची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. गावंच्या गावं गेली.

शहरातल्या एका मंगल कार्यालयात एका सेवाभावी संस्थेनं मदत केंद्र उघडलं. तिसऱ्या दिवशी ताहेरमियाँनी मला ऑटोत घालून तिथे आणलं. केंद्राचे प्रमुख होते दत्तोपंत, निवृत्त मुख्याध्यापक. डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. भूकंप झाल्यापासून ते घरी गेले नव्हते.

“सर, माझ्याकडं द्यायला दुसरं काय हाय?” ताहेरमियाँ म्हणाले. “हे यंत्र घ्या आन् माझी पोरगी घ्या. दोघं मिळून काम करतील.”

काम म्हणजे याद्या. स्वयंसेवक गावोगावहून कुटुंबांची नावं लिहून आणत. दवाखान्यांतून जखमींची नावं येत. तिसरी यादी मयतांची. वहीची पानं, सिगारेटच्या पाकिटांचे पुठ्ठे, कार्यालयात उरलेल्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू, जे हाताला लागेल त्यावर नावं लिहिलेली असत. काही पानं भिजून चिकटलेली. नाझनीन ती तव्यावर वाळवायची आणि मग एकेक नाव माझ्यात भरायची. माझ्यात तेव्हा इंग्रजी अक्षरंच होती, त्यामुळे एकच नाव चार हातांनी चार तऱ्हांनी लिहिलेलं असे.

दत्तोपंतांचं म्हणणं होतं, “एकच मोठी यादी कर, पोरी. सगळं एका जागी. शोधायला सोपं.”

तिनं तशी केली. प्रत्येक माणसाच्या ओळीत गाव, घर, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, पत्र्याच्या शेडचा क्रमांक, दवाखाना, सगळं. पाच दिवसांत साडेनऊ हजार ओळी झाल्या. एक नाव शोधायला मला अडीच मिनिटं लागू लागली. खिडकीपाशी दोनशे माणसं उभी असताना अडीच मिनिटं म्हणजे किती, ते त्या माणसांच्या तोंडाकडे बघून कळायचं. त्यात एखादं कुटुंब शेड चौदामधून शेड एकतीसमध्ये गेलं, की सात ओळींपैकी पाच दुरुस्त व्हायच्या आणि दोन तशाच राहायच्या. मग भावाला वाटायचं बहीण एकतीसमध्ये आहे, आणि मी सांगायचो चौदा.

नाझनीन दत्तोपंतांकडे गेली. “सर, ही यादी तोडू द्या मला. गावाचा तक्ता वेगळा, घराचा वेगळा, माणसाचा वेगळा. एका गावात पुष्कळ घरं, एका घरात पुष्कळ माणसं. प्रत्येकाला एक नंबर. जखमी आन् मयतांच्या यादीतही त्याच माणसाचा नंबर टाकायचा, म्हणजे नाव कसंही लिहिलेलं असलं तरी माणूस चुकत न्हाई.”

“किती दिवस लागतील?”

“नंबर लावायला घरोघर पुन्हा जावं लागंल. पंधरा दिवस तरी.”

दत्तोपंत खुर्चीत बसले. “पोरी, उद्या दुपारी गाड्या निघायच्या आहेत. कोण कुठल्या शेडमध्ये आहे, कोण गेलं, कोण दवाखान्यात, हे कागदावर नसेल तर ब्लँकेट कुणाला द्यायची? पंधरा दिवस लोक पांघरुणाविना राहतील? तुझे तक्ते कर, पण जोड आत्ता नावावर बसव.”

“नावावर चुकल सर.”

“चुकेल थोडं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.”

मित्रांनो, दत्तोपंत वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी तुम्ही असता तर कदाचित हेच म्हणाला असता.

नाझनीननं तक्ते वेगळे केले आणि नातं नावावर जुळवलं. मला झटपट शोधता यावं म्हणून तिनं सूची केली, तुमच्या पुस्तकाच्या शेवटी असते तशी. सूची छोटी असली तर मी धावतो, म्हणून तिनं गावाचा क्रमांक आणि नावाची पहिली दहा अक्षरं एवढंच धरलं. अडीच मिनिटांचं काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होऊ लागलं. तिन्ही याद्या मी अर्ध्या तासात जोडून दिल्या. प्रिंटरमधून कागदाचा लांब पट्टा खरखरत बाहेर आला, तेव्हा दत्तोपंतांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. “शाब्बास!” म्हणाले.

ती आठ ऑक्टोबरची दुपार होती.

आता ईश्वरप्पाचं सांगतो. निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्याचं गाव. कोष्टी माणूस, पासष्टीचा, धोतर आणि डोक्याला पांढरा पटका. त्याची लेक भूकंपाच्या पट्ट्यातल्या एका गावात दिलेली होती. जावई मलप्पा ढिगाऱ्यात सापडला, तो गेलेला. सहा वर्षांची नात सिंधु शेजाऱ्यांनी जिवंत ओढून काढली. पण लेकीचा पत्ता नव्हता. कुणी म्हणे जीपमधून नेली, कुणी म्हणे नाही. ईश्वरप्पा सिंधूला कडेवर घेऊन चार दिवस रोज खिडकीशी येत होता.

“बाई, हाय का माझी लेक तुमच्या मशिनीत?”

आणि नाझनीन रोज म्हणायची, “बघून राहिले बाबा. थोडं थांबा.”

त्या दुपारी तिनं छापलेल्या पट्ट्यावर बोट फिरवलं. त्या घराच्या तीन ओळी होत्या. मलप्पा, मयत. लक्ष्मीबाई मलप्पा, मयत. सिंधु, शेड बावीस.

तिनं ते दोनदा वाचलं. मग उठून खिडकीबाहेर गेली, सिंधूला एका बाईकडे दिलं आणि ईश्वरप्पाच्या शेजारी खाली बसली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ईश्वरप्पानं पटका काढून तोंडावर धरला, एवढं दिसलं.

मला मात्र ठाऊक होतं, मित्रांनो. माझ्या पोटात जखमींच्या यादीत एक ओळ होती. लक्ष्मम्मा ईश्वरप्पा, गाव माहीत नाही, नांदेडच्या एका रुग्णालयात, कमरेला मार, शुद्ध येते जाते. माहेरी कानडी वळणानं तिला लक्ष्मम्मा म्हणत. सासरी ती लक्ष्मीबाई झाली. अर्धवट शुद्धीत तिला कुणी नाव विचारलं, तेव्हा तिनं माहेरचं सांगितलं आणि बापाचं नाव लावलं. दोन ओळी, बाई एकच. पण माझ्या तक्त्यांत त्या दोन बायका होत्या.

आणि मयतांच्या यादीतली लक्ष्मीबाई? ती त्याच गावातली, मारुती नावाच्या माणसाची बायको. इंग्रजीत ‘LAXMIBAI’ लिहायला आठ अक्षरं, मग एक मोकळी जागा, मग नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. दहा तिथेच संपली. मलप्पाचा ‘म’ आणि मारुतीचा ‘म’ एकच. मी सूचीत पाहिलं, पहिली जुळणारी ओळ सापडली, मी तीच जोडली. सांगितलं तेवढंच केलं.

मला ओरडायचं होतं. पण मला ओरडायला काय होतं? एक छोटा भोंगा, चुकीची कळ दाबली तर वाजणारा. बरोबर कळ दाबून चूक झाली तर तो वाजत नाही. पडद्यावर हिरवी पट्टी लुकलुकत राहिली आणि ईश्वरप्पा नातीला कडेवर घेऊन रस्त्याच्या वळणावर दिसेनासा झाला.

नाझनीनला चूक कळली नव्हती, पण तो पट्टा तिला खात होता. दुसऱ्याच दिवशी तिनं दत्तोपंतांना म्हटलं, “सर, गाड्या गेल्या. आता मला पंधरा दिवस द्या.” त्यांनी चार स्वयंसेवक दिले. ती शेडमधून शेडमध्ये फिरली. प्रत्येक माणसाला नंबर लावला. नावांचासुद्धा वेगळा तक्ता केला, कारण एका माणसाची नावं दोन असू शकतात, तीन असू शकतात. सगळी त्याच एका नंबराला बांधली. माणूस कुठे आहे, केव्हापासून आहे, त्याचा आणखी एक तक्ता. ज्या लेकरांचे आईबाप नव्हते, त्यांच्यापुढे सांभाळणाऱ्याचं नाव आणि त्याचं नातं. नावावरची जोड तिनं मोडून टाकली. जिथे खात्रीनं नंबर लागत नव्हता, तिथे रकाना कोरा सोडला.

“हे कोरे कशाला ठेवलेस?” दत्तोपंतांनी विचारलं.

“माहीत न्हाई म्हणून, सर. माहीत न्हाई ते माहीत न्हाई असंच दिसायला पाहिजे.”

अंकांवरची जोड नावापेक्षाही हलकी असते. मी पूर्वीपेक्षा वेगानं धावू लागलो, आणि आता ठेचाळतही नव्हतो. सत्तावीस ऑक्टोबरला तिनं मला विचारलं, जखमींच्या यादीत कोऱ्या नंबराच्या ओळी किती? मी दाखवल्या. त्रेसष्ट. तिनं पेन्सिल घेतली आणि एकेक ओळ वाचायला लागली. चाळिसाव्या ओळीवर ती थांबली. लक्ष्मम्मा ईश्वरप्पा.

तिनं सांभाळणाऱ्यांच्या रकान्यात ईश्वरप्पा शोधायला सांगितलं. मी क्षणात उत्तर दिलं. ईश्वरप्पा, सिंधूचा आजा, आईचा बाप.

मी इतक्या वेगानं उत्तर दिलं, मित्रांनो, की तिला दम घ्यायलाही वेळ मिळाला नाही. ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. “सर! जित्ती आहे सर ती!” दत्तोपंत धावत आले. फोन लागत नव्हता. ताहेरमियाँ आले आणि बापलेक पहिल्या एसटीनं नांदेडला गेले. मला सुरूच ठेवलं होतं. दिवसभर मी त्या एका ओळीवर उभा होतो. इतकी वाट मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाझनीन परत आली. माझ्यासमोर बसली, लक्ष्मम्माच्या ओळीवर गेली आणि तारीख भरली. चोवीस ऑक्टोबर. मग दोन्ही नावं एका नंबराला बांधली. ते करताना तिचं बोट दोनदा चुकलं.

तीन दिवसांनी उशीर झाला होता. माझा पट्टा निघाला, त्या दिवसापासून ती सोळा दिवस जगली होती.

दत्तोपंत बराच वेळ तिच्या मागे उभे होते. “ईश्वरप्पाला कळवायलाच हवं का?” ते हळूच म्हणाले. “त्यानं एकदा सोसलंय.”

“मीच त्यांना सांगितलं होतं, लेक गेली म्हणून,” नाझनीन म्हणाली. “आता हेही मीच सांगणार.”

निरोप मिळाल्यावर ईश्वरप्पा आला, एकटाच. या वेळी तिनं त्याला आत बोलावून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. सगळं सांगितलं, काही न लपवता. तो माझ्या पडद्याकडे बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

“सोळा दीस?” तो म्हणाला.

“हाव बाबा.”

“आन् मी तिच्या नावानं सगळं करून बसलो. जित्या लेकीचं.” नाझनीननं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. “नांदेड लई लांब न्हाई,” शेवटी तो म्हणाला. “चालत गेलो असतो मी.”

नाझनीन रडायला लागली. ईश्वरप्पानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बाई, पोरीला यातलं काय बी कळू देऊ नगा. रातचं दचकून उठती ती. मोठी झाली की मी सांगन.” एवढं बोलून तो उठला.

दोन वर्षांनी केंद्र बंद झालं. कागद संस्था घेऊन गेली. दत्तोपंतांनी जाताना मला हात लावला नाही, नुसतं बघितलं. मी पुन्हा ताहेरमियाँकडे आलो. पण टायपिंग शिकायला आता कुणी येत नव्हतं. लातुरात निराळीच लाट आली होती. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुलं चमकू लागली होती, आणि गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. उमरी, देगलूर, परभणी, कुठून कुठून मुलं पेट्या घेऊन एसटी स्टँडवर उतरत. राघवेंद्र सरांनी पत्र्याच्या गोडाऊनमध्ये क्लास काढला होता. त्यांनी नाझनीनला नोकरी दिली, आणि तिच्याबरोबर मीही इथे आलो.

दर रविवारी परीक्षा आणि सोमवारी सकाळी फळ्यावर निकाल. चौदाशे मुलं, चार विषय. नाझनीननं माझ्यात तक्ते मांडले: मुलांचा, परीक्षांचा, गुणांचा. गुणांच्या ओळीत नाव नाहीच. मुलाचा नंबर, परीक्षेचा नंबर, गुण. बस्स. दहा मिनिटांत मी निकाल द्यायचो. ‘संगणकीकृत निकाल’ असं राघवेंद्र सरांनी पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

एकदा दुसरा एक क्लास त्यांनी चालवायला घेतला. तिथल्या मुलांची यादी आपल्या यादीला जोडायची होती. “नावावरून जोडून टाका मॅडम, संध्याकाळपर्यंत द्या,” सर म्हणाले.

“नावावर जोडणार न्हाई सर. एकेका पोराला बोलावून विचारीन. दोन दिवस लागतील.”

“तुम्ही फार हळू काम करता मॅडम.”

“हाव सर,” ती म्हणाली. “हळूच करते.”

सर चिडले, पण तिनं दोन दिवस घेतलेच. तीनशे मुलांत एकाच नावाच्या दोन-दोन मुलांच्या अकरा जोड्या निघाल्या. तिला कुणी शाबासकी दिली नाही. तिनं ती मागितलीही नाही.

पुढे नवीन संगणक आले, रंगीत पडद्यांचे. माझा कळफलक कुणीतरी नेला. मला कपाटावर चढवलं. भारनियमनात वीज जायची-यायची, तेव्हा नव्या यंत्रांचे ‘टुंग’ आवाज यायचे. मी ऐकत बसायचो. भूकंपाचे सगळे तक्ते माझ्यात तसेच होते. पुसायचं कुणाला सुचलं नाही, आणि नाझनीनला पुसवलं नसतं.

मग २००३ चा जून आला. अकरावीच्या प्रवेशाला रांग लागलेली. दुपारी नाझनीन या खोलीत आली, तिच्यामागे सोळा वर्षांची एक मुलगी. दोन वेण्या, हातात फॉर्म.

“बस बेटा,” नाझनीन म्हणाली. ती स्वतः मात्र उभीच राहिली.

“मी सिंधु मलप्पा,” मुलगी म्हणाली. “आज्जा मागच्या वर्षी गेला. जाताना म्हणला, लातूरला टायपिंगवाल्यांच्या नाझनीनबाई हायेत, त्यांना भेट. तुझ्या आईचं त्यांना ठावं हाय. मला सांगवलं न्हाई, म्हणला.”

नाझनीननं दार लोटून घेतलं.

तिनं सगळं सांगितलं. याद्या, दहा अक्षरं, पट्टा, सोळा दिवस. सिंधु फॉर्मची सुरळी करत ऐकत होती.

“मला वाटत होतं आई झोपेतच गेली,” ती म्हणाली. मग, “कुणाची चूक हाय ही?”

“माझी.” नाझनीननं दत्तोपंतांचं नाव घेतलं नाही. माझ्याकडेही बोट केलं नाही.

“लिहिलेलं हाय कुठं?”

“यात आहे.” नाझनीननं वर बघितलं. दोघींनी मिळून मला खाली उतरवलं. नाझनीननं ओढणीनं माझी धूळ पुसली, कुठूनतरी कळफलक आणला, वायर लावली आणि बटण दाबलं.

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पंखा फिरला. माहिती साठवणारी आतली तबकडी फिरायला लागली, अडकली, कट्कट् वाजली, पुन्हा अडकली. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. नाझनीननं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. चौथ्या वेळी पंखाही फिरेना. त्या मुलीच्या आईच्या दोन्ही ओळी माझ्या आत होत्या, मी तिच्या हाताखाली होतो, आणि मला त्या देता आल्या नाहीत.

“राहू द्या बाई,” सिंधु म्हणाली.

नाझनीन बटणावर हात ठेवून तशीच बसली. मग म्हणाली, “एक आहे. यातही नव्हतं. तुझ्या आज्जालाही सांगायला माझी जीभ उचलली न्हाई. नांदेडला तिथली सिस्टर मला म्हणाली होती. तुझी आई शुद्धीवर आली की एकच बोलायची. म्हणायची, ‘सिंधूच्या अंगावर पांघरूण घाला, ती झोपेत काढून टाकती.’ रोज म्हणायची. शेवटी शेवटी त्या सिस्टर तिला सांगायच्या, ‘घातलं बाई, घातलं.’ मग तिला झोप लागायची.”

सिंधु खाली बसली. गुडघ्यांत डोकं घालून ती रडली, आणि नाझनीननं तिला थांबवलं नाही. बाहेर फिजिक्सच्या तासाची घंटा झाली, पोरांच्या चपलांचा आवाज येऊन गेला. बऱ्याच वेळानं ती उठली. नळाखाली तोंड धुतलं. सुरळी झालेला फॉर्म टेबलावर सपाट केला, आणि आईच्या नावाच्या रकान्यात तिनं आधी लक्ष्मीबाई लिहिलं, मग त्याच्या शेजारी लक्ष्मम्मा.

“दोन चालतील का?” तिनं विचारलं.

“चालतील,” नाझनीन म्हणाली.

त्यानंतर मी कधी सुरू झालो नाही. मला पुन्हा वर ठेवलं, ते नाझनीननं स्वतः ठेवलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्या धाकट्या भावंडांसमोर बसेल. तक्ते कराल, त्यांची नाती जुळवाल, आणि ती यंत्रं माझ्याहून हजारपट वेगानं धावतील. धावू द्या. पण प्रत्येक ओळीपाशी कुणीतरी एक माणूस उभा असतो, त्याला आपलं नाव दहा अक्षरांत सांगता येत नाही. खात्री नसेल तिथे रकाना कोरा ठेवा. आणि कोरा ठेवल्यावर स्वस्थ बसू नका. उठा, एसटी धरा, विचारायला जा. आम्हांला ते जमत नाही. आम्ही नुसतं बघत राहतो.